रेशमात रंग मुरतो कसा?

पांढऱ्या शुद्ध रेशमाचा एक तुकडा चौकटीवर ताणून घ्या, ब्रश पातळ रंगात बुडवा आणि त्याचं टोक कापडाला नुसतं टेकवा. ब्रश उचलेपर्यंत रंग बोटभर पसरलेला असतो. नीट निरखून पाहिलं तर तो सगळीकडे सारखा पसरत नाही. उभ्या-आडव्या धाग्यांच्या वाटेने पुढे पळतो, तिरका जरा मागे राहतो. कागदावर हात बसलेल्या माणसाला हे पहिल्यांदा पाहून धक्काच बसतो. कागदावर ब्रश थांबला की रंग थांबतो. इथे ब्रशने रंग फक्त आणून सोडायचा. पुढे तो कुठवर जाणार हे पाणी आणि धागा मिळून ठरवतात.

रेशमावर डायने, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने, चित्र काढण्याचं सगळं तंत्र या एका अडचणीभोवती उभं आहे. पळणाऱ्या रंगाला कुठे मोकळं सोडायचं आणि कुठे अडवायचं? या प्रश्नाची सर्वांत विचारपूर्वक शोधलेली उत्तरं मला जपानच्या युझेन पद्धतीत दिसतात, म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्याबद्दल आहे. पण तिच्याकडे वळण्याआधी रंग आणि रेशीम यांचं नातं समजून घ्यायला हवं.

आपल्याकडे साडीवर किंवा ओढणीवर हाताने रंगकाम म्हटलं की फॅब्रिक कलरच्या छोट्या बाटल्या आठवतात. त्यांत पिगमेंट असतं, म्हणजे पाण्यात न विरघळणारी अतिशय बारीक पूड, आणि ती कापडाला चिकटवून ठेवणारं ॲक्रिलिक. वाळल्यावर कापडावर त्याचा पातळ थर बसतो. सुती कुडत्यावर हे छान चालतं. रेशमावर मात्र हात फिरवला की चित्र आहे तेवढा भाग ताठ लागतो आणि तिथली चमकही झाकली जाते. मला हे बघवत नाही. रेशमाला एवढे पैसे मोजायचे ते त्याच्या झळाळीसाठी आणि अंगावरच्या सळसळीसाठी, आणि मग त्यावरच थर चढवायचा!

डायचं काम वेगळं आहे. तो पाण्यात पूर्ण विरघळतो, तंतूच्या आत शिरतो आणि तिथेच धरला जातो. चित्र पूर्ण झाल्यावरही कापड पहिल्याइतकंच मऊ राहतं, आणि पातळ रेशीम असेल तर चित्र मागूनही जवळजवळ तितकंच स्पष्ट दिसतं. आपल्या पैठणीत रंग आधी रेशमाच्या लडीला दिला जातो आणि नक्षी मागावर विणत विणत उमटते. इथे क्रम उलटा आहे. कापड आधी पूर्ण विणून तयार, कोरं पांढरं. रंग सगळ्यात शेवटी.

रेशमाचा स्वभाव

रेशमाचा किडा तोंडातून एकाच वेळी दोन तंतू सोडतो आणि ते एका नैसर्गिक डिंकाने जोडलेले असतात. तंतू फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचे, डिंक सेरिसिनचा. कच्च्या रेशमाचं वजन शंभर धरलं तर त्यातला साधारण पाव हिस्सा हा डिंकच असतो. साबणाच्या गरम पाण्यात तो काढून टाकला की रेशीम मऊ आणि चकचकीत होतं. उरलेल्या तंतूचा छेद घेतला तर तो गोल नसतो, कडा घासलेल्या त्रिकोणासारखा असतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परततो, आणि रेशमावरचा रंग पाहण्याच्या कोनाप्रमाणे गडद-फिका भासतो तो त्यामुळे.

रंगाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे रेशीम प्रथिन आहे. लोकर आणि केसही प्रथिनंच. या प्रथिनाच्या साखळीवर जागोजागी असे अणुगट असतात, जे आंबट पाण्यात धन विद्युतभार घेतात. अ‍ॅसिड डाय या वर्गातल्या रंगांच्या रेणूंवर ऋण भार असतो. दोघांची ओढ लागते आणि रंग तंतूत जाऊन बसतो. म्हणून रंगाच्या पाण्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड घालतात. सुती कापड सेल्युलोजचं असतं, त्यावर असे गट नाहीत. तोच अ‍ॅसिड डाय सुती रुमालाला लावून धुतला तर बहुतेक रंग पाण्याबरोबर निघून जातो. दुसरा मोठा वर्ग रिअ‍ॅक्टिव्ह डायचा. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ मध्ये ते बाजारात आणले ते मुख्यतः सुती कापडासाठी. ते तंतूशी थेट रासायनिक बंध करतात, त्यामुळे धुण्यात पक्के राहतात आणि रेशमावरही चालतात.

रेशमाची ही ओढ रंगांच्या इतिहासातही दिसते. १८५६ मध्ये लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवू पाहत होता. क्विनाइन काही मिळालं नाही, पण हाती आलेल्या काळपट गाळातून जांभळा रंग निघाला. तो त्याने रेशमावर लावून पाहिला आणि तो पक्का बसला. व्यापारी यश मिळालेला पहिला कृत्रिम रंग तो हाच. सुती कापडावर तोच रंग टिकवायला आधी टॅनिनची, म्हणजे झाडांतल्या तुरट द्रव्याची, प्रक्रिया करावी लागत होती, रेशमाने मात्र त्याला सरळ आपलंसं केलं.

या सगळ्याचा चित्रकाराला भोगावा लागणारा परिणाम असा, की डाय पारदर्शक असतो आणि त्यात पांढरा रंग नसतोच. पांढरं म्हणजे जिथे रंग लागला नाही ते रेशीम. निळ्यावर पिवळा दिला की हिरवा होतो, पिवळा वर दिसत नाही. गडद जागेवर नंतर फिकं काही काढता येत नाही. म्हणून चित्रातल्या उजेडाच्या सगळ्या जागा सुरू करण्याआधी ठरवून ठेवाव्या लागतात.

पाण्याचे उद्योग

धाग्यात अनेक तंतू शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामध्ये केसाहून अरुंद फटी. या फटींतून पाणी स्वतःच ओढलं जातं, जसं ते वातीतून चढतं. कापड जितकं पातळ आणि धागा जितका कमी पिळाचा, तितकी ही धाव मोकळी.

त्यातून नवशिक्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट घडते, ती म्हणजे गडद कड. अर्धं आकाश रंगवलं, फोन घ्यायला उठलात, परत येऊन उरलेलं अर्धं रंगवलंत, की मध्ये एक दातेरी गडद रेघ उमटते आणि ती जाता जात नाही. ओल्या डागाच्या कडेला पाणी सर्वांत लवकर उडतं. ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं, येताना रंग घेऊन येतं आणि तो तिथेच साचतो. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद का असतो, याचं हे उत्तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडलं. रेशीम रंगवणाऱ्यांनी मात्र यावरचा उपाय फार आधीच शोधला होता. मोठी जागा एका दमात रंगवायची, पुढची कड वाळू द्यायची नाही, आणि रंग आधीच पुरेसा कालवून ठेवायचा.

याच गुणाचा मुद्दाम उपयोगही करतात. ओल्या रंगावर जाड मिठाचे खडे टाकले की मीठ पाणी ओढतं, रंग त्याच्यामागे धावतो आणि खड्याभोवती फुटल्यासारख्या फिक्या-गडद रेषा उमटतात. वाळलेल्या रंगावर अल्कोहोलचा थेंब सोडला की रंग बाहेर ढकलला जाऊन मध्ये फिकं वर्तुळ आणि भोवती गडद कडं मिळतं. दोन्ही युक्त्या पटकन डोळ्यात भरतात, आणि म्हणूनच त्यांचा अतिरेकही फार होतो. खरी कसोटी लागते ती रंग अडवण्यात.

रंगाला बांध: युझेन

१६८३ मध्ये जपानच्या तोकुगावा सत्तेने स्त्रियांच्या कपड्यांतल्या श्रीमंतीवर बंधनं आणली. जरीचं विणकाम, भरगच्च भरतकाम आणि अंगभर बांधणीसारखं नाजूक काम यांवर मनाई आली. व्यापारी घरांत पैसा होता, हौस होती, आणि ती दाखवायचा मार्ग बंद झाला. अशा वेळी क्योतोमध्ये मियाझाकी युझेन नावाचा पंख्यांवर चित्रं काढणारा कलाकार लोकप्रिय होता. त्याच्या शैलीची चित्रं किमोनोवर येऊ लागली आणि या पद्धतीला त्याचंच नाव मिळालं. तांदळाच्या घट्ट लापशीने रंग अडवण्याची युक्ती जपानमध्ये त्याच्या आधीपासून होती. नवीन होतं ते तिच्या जोरावर कापडावर कुंचल्याने मोकळेपणी चित्र काढणं.

युझेनचं काम सुरू होतं ते साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर रुंद आणि १२-१३ मीटर लांब अशा पांढऱ्या रेशमाच्या पट्ट्यापासून. चांगल्या किमोनोसाठी हा पट्टा आधी कापून कच्च्या टाक्यांनी किमोनोसारखा जोडतात आणि अंगावर असल्यासारखं चित्र त्यावर आखतात. म्हणजे पाठीवरून निघालेली फांदी शिवण ओलांडून बाहीवर बरोबर त्याच रेषेत येते. मग टाके उसवून पट्टे पुन्हा सपाट करतात.

आखणीची शाई हा मला या सगळ्या कामातला फार देखणा भाग वाटतो. आओबाना हे कोम्मेलिना कुळातलं, निळ्या पाकळ्यांचं फूल. शिगा प्रांतातल्या कुसात्सु भागात त्याची मोठ्या पाकळ्यांची जात मुद्दाम लावत आले आहेत. फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून तोडणी भल्या सकाळची. पाकळ्यांचा रस पिळून तो जपानी कागदावर पुन्हा पुन्हा लावून सुकवतात. आखणी करायच्या वेळी त्या कागदाचा छोटा तुकडा पाण्यात भिजवला की निळी शाई तयार होते. तिने काढलेली रेष पाणी लागलं की साफ जाते. पुढच्या टप्प्यांत कापड भिजणारच आहे, त्यामुळे आखणीचा मागमूसही राहत नाही.

आता बांध घालायचा. चिकट तांदळाचं पीठ आणि तांदळाचा कोंडा एकत्र मळून शिजवतात आणि चुना, मीठ घालून घट्ट लापशी करतात. ती कागदाच्या शंकूत भरतात. हा कागद पर्सिमन फळाच्या रसाने टिकाऊ केलेला असतो आणि शंकूच्या टोकाला बारीक धातूची नळी. शंकू दाबत दाबत आखणीच्या रेषेवरून लापशीची सलग, दोऱ्याएवढी बारीक धार सोडायची. हात केक सजवणाऱ्याचा वाटेल, पण इथे चुकीला माफी नाही. धार कापडाच्या आत उतरायला हवी. नुसती वर बसली तर रंग खालून निसटतो. मध्ये कुठे केसाएवढी फट राहिली तरी पाकळीतला गुलाबी रंग शेजारच्या पानात शिरतो. काम झाल्यावर ही लापशी धुऊन जाते आणि तिच्या जागी पांढरी बारीक रेष राहते. युझेनमधल्या प्रत्येक फुलाभोवती दिसणारी ती पांढरी कड कोणी रंगवलेली नसते. रंग जिथे पोचू दिला नाही, ती ती जागा.

लापशी वाळली की सोयाबीनचं दूध आणि समुद्री शेवाळाचा चीक यांचा पातळ हात कापडावर देतात. सोयाबीनचं प्रथिन तंतूंवर बसतं, रंगाची धाव थोडी मंदावते आणि रंग एकसारखा लागतो. मगच ब्रश हातात घ्यायचा. कापड मागून बांबूच्या लवचिक काड्यांनी ताणलेलं असतं. या काड्यांच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि काडी धनुकलीसारखी वाकवून कापडाच्या दोन काठांत अडकवतात. रंग देताना खाली हलकी आच ठेवतात, पूर्वी कोळशाची आणि आता विजेच्या शेगडीची. रंग लावला की तो पसरायच्या आत सुकायला लागतो. गडदपासून फिक्यापर्यंतची उतरण याच वेळी साधायची, एका हातात रंगाचा ब्रश आणि दुसरा नुसत्या पाण्याचा.

एवढ्यावर फुलं-पानं झाली, पार्श्वभूमी अजून कोरीच आहे. मोठ्या रुंद ब्रशने १२ मीटर कापड एकसारखं रंगवायचं आणि मधल्या रंगवलेल्या फुलांना धक्का लावायचा नाही, हे कसं? फुलं आधी वाफेवर पक्की करतात, मग ती पूर्णपणे जाड लापशीखाली झाकतात आणि चिकटू नये म्हणून वरून लाकडाचा भुसा भुरभुरवतात. आता पार्श्वभूमीचा रंग बेधडक फिरवता येतो. मग पुन्हा वाफ, आणि शेवटी वाहत्या पाण्यात धुणं. पूर्वी हे धुणं क्योतोच्या कामो नदीत होई, आता बहुतेक ठिकाणी कारखान्यातच वाहत्या पाण्याचे हौद असतात. क्योतोत यातला बहुतेक टप्पा वेगळ्या कारागिराचा असतो. लापशीची धार सोडणारा आयुष्यभर तेच करतो.

जपानमधल्याच कानाझावा शहराची कागा युझेन ही याच घराण्यातली दुसरी शाखा. तिथे निळा, किरमिजी, गेरूसारखा पिवळा, गवती हिरवा आणि जांभळा असे पाच रंग मानले जातात. सोनं आणि भरतकाम सहसा वापरत नाहीत. पाकळीचा रंग बाहेरून आत फिका होत जातो. क्योतोत उलट, आतून बाहेर. कागाच्या पानांवर अळीने खाल्लेली भोकंही मुद्दाम काढतात. क्योतोची कामं जास्त झगमगीत आणि मागणीची, पण घरी ठेवायला एक निवडा म्हटलं तर मी हे किडकं पान निवडेन.

ही कला जुन्या नमुन्यांवरच अडकली असंही नाही. क्योतोच्या मोरिगुची काको यांनी लापशी बांबूच्या पापुद्र्यावर पसरून सुकवली, तिचे बारीक कण केले आणि ओल्या कापडावर शिंपडले. वरून रंग दिला की कणांखालचं रेशीम पांढरं राहतं आणि सगळ्या पार्श्वभूमीवर धुक्यासारखे ठिपके उमटतात. या लापशी शिंपडण्याच्या पद्धतीला त्यांनी नवा जन्म दिला आणि १९६७ मध्ये जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलं. त्यांचे पुत्र मोरिगुची कुनिहिको पॅरिसमध्ये डिझाइन शिकले आणि परत येऊन याच लापशीने भूमितीच्या आकृत्या काढू लागले. २००७ मध्ये त्यांनाही तोच मान मिळाला.

युरोपातल्या रेशीमचित्रणात लापशीच्या जागी गुट्टा असतो. गुट्टापर्चा हा मलाया भागातल्या झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांवर त्याचंच आवरण असे. तो पातळ करून नळीतून रेषेवर सोडतात. हल्ली पाण्यात धुऊन जाणारे पर्यायही मिळतात. तत्त्व तेच.

वाफ कशासाठी?

वाळलेला रंग नुसता तंतूंच्या मध्ये आणि अंगावर बसलेला असतो. तसाच धुतला तर बराचसा निघून जाईल. वाफ तीन कामं एकदम करते. तिच्या उष्णतेने तंतू फुगून सैलावतो, तिच्यातल्या ओलाव्याने रंग किंचित पुन्हा विरघळतो, आणि ते रेणू आत जाऊन आपली जागा पकडतात. पण ओलावा नेमका हवा. कमी पडला तर रंग फिका राहतो, जास्त झाला तर इतक्या कष्टाने घातलेले बांध ओलांडून रंग पळतो. म्हणून कापड कोऱ्या कागदात गुंडाळतात. जादा पाणी कागद शोषून घेतो.

घरी करून पाहायचं असेल तर आधी रेशीम खरं आहे का ते तपासा. कडेचा एक धागा काढून जाळा. शुद्ध रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरा होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो, आणि त्यावर अ‍ॅसिड डाय बसत नाही. शिकायला पातळ, साधं विणलेलं पांढरं रेशीम घ्या. दुकानदार वजन मॉमीमध्ये सांगतात. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम. पाच मॉमीवर रंग फार पळतो, आठ मॉमीचं, म्हणजे साधारण ३५ ग्रॅमचं कापड हाताला बरं पडतं. आधी ते सौम्य साबणाने धुऊन घ्या, कारण कारखान्यातली खळ राहिली असेल तर रंग डागाळतो. लाकडी चौकटीवर ते टेबलापासून वर उचललेलं राहील असं ताणा. खाली टेकलं की रंग तिथे साचतो. बांधाची रेष घालून झाली की कापड उजेडासमोर धरा; बांधातली फट लगेच दिसते. पूड रंग मिसळताना नाकाला मास्क आणि हातात मोजे हवेतच.

वाफेसाठी जुनं मोदकपात्र चालतं, मात्र त्यानंतर त्यात खायचं काही कधीच करायचं नाही. कापड कोऱ्या कागदात गुंडाळून, वळकटी करून चाळणीवर ठेवा. पाण्याला किंवा कडेला ते टेकता कामा नये. झाकणाला आतून जाड कापड बांधा, कारण वाफेचा एक थेंब खाली पडला तरी त्याचा डाग कायमचा. किती वेळ ते रंगाच्या डब्यावर दिलेलं असतं. लहान तुकड्याला तास-दोन तास लागू शकतात. मग कापड एक-दोन दिवस तसंच राहू द्या आणि भरपूर गार पाण्यात, हलवत हलवत धुवा. पहिल्या पाण्यात थोडा रंग निघतो, ते स्वाभाविक आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत पाणी बदलत राहा. दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा आणि वाळवायला उन्हात नाही, सावलीत घाला. रेशीम आणि डाय, दोघांनाही ऊन सोसत नाही.